नकुसा नंबर तीन

"नकुसा नंबर तीन!" असं गुरुजी हजेरीला ओरडायचे आणि मागच्या रांगेतून आवाज यायचा, "हाय की!" आमच्या पलूसकडच्या गावात चौथीच्या एका वर्गात तीन नकुसा होत्या. मुलीच मुली झाल्या की शेवटचीचं नाव नकुसा, म्हणजे नको असलेली. मग पुढच्या खेपेला मुलगाच होतो म्हणे! कुणाच्या सुपीक डोक्यातून हे निघालं देव जाणे. गुरुजींना तरी लाज वाटावी की नाही? नंबर घातले आणि मोकळे झाले.

नंबर तीनच्या पाठीवर खरंच भाऊ झाला, संपत. झालं, पोरीच्या नावाचा गावभर उदोउदो!

लग्न होऊन ती कराडला आली, पुढे मीही लग्नानं तिथेच, भिंतीला भिंत लावून. सासूनं नवं नाव ठेवायला तांदळाचं ताट पुढे केलं, तर हिनं ते बाजूला सारलं. "नाव पुसलं की ठिवणाऱ्याचं पाप बी पुसतंय. ऱ्हाऊ दे तसंच." कॉलेजच्या मेसमध्ये ती भाकरी थापायची. मंडईत, नाहीतर औंधच्या यमाईला गेल्यावर कुणी "ए नकुसा" अशी हाक मारली की ही थांबायचीच. ओ देणाऱ्या बाईला गाठून विचारायची, "तू कितवी गं?" कुणी चौथी, कुणी पाचवी. दोघी मग रस्त्यातच बोलत उभ्या राहायच्या, आणि पिशव्या धरून मी.

संपतला तिसरी मुलगी झाली तेव्हा तो कराडला आला. "आक्का, तुज्या नावानं मी जलमलो. हिचं बी तेच ठिवू. आत्या तू, तूच कानात सांग." वर हसत होता, जणू मोठा मान देतोय! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नकुसा एवढंच म्हणाली, "येते."

बारशाला मीही गेले. पाळण्यात वाकून तिनं बाळाच्या कानात कुर्र केलं आणि साऱ्या घराला ऐकू जाईल असं ओरडली, "हौसा! हिचं नाव हौसा!" बायकांनी रिवाजाप्रमाणे हसत हसत आत्याच्या पाठीत धपाटे घातले. संपतनं घातला तो रिवाजाचा नव्हता. तिचं कपाळ पाळण्याच्या दांडीवर आपटलं. एकही पुरुष जागचा हलला नाही, नामर्द मेले!

"मार," ती म्हणाली. "पर आत्यानं सांगितल्यालं नाव बदलत न्हाई."

"परत ह्या घरात पाय ठिवायचा न्हाई," संपत म्हणाला.

पण त्याच्या बायकोनं, त्या कधी न बोलणाऱ्या बाईनं, ग्रामपंचायतीत हौसाच लिहायला लावलं. नकुसाचं माहेर मात्र तुटलं ते तुटलंच. पुढे कधी भाऊबीज नाही की चोळीचा खण नाही. "मिळालं की पोरीला नाव, बास झालं," म्हणायची. मला नाही बास झालं. अजून नाही.

गेल्या वर्षी ती गेली. संपतला मी चार फोन केले, त्यानं उचलले नाहीत; शेवटी गावातल्या एकाकडून त्याच्या घरी निरोप धाडला. तिरडी बांधून झाली. बाईमाणसाच्या अंगावर शेवटची साडी माहेरची लागते. "माहेरचं कोण आलंय का?" एका म्हातारीनं विचारलं. संपतला चांगल्या चार शिव्या घालायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात शाळेच्या कपड्यातली एक मुलगी गर्दीतून पुढे आली. शाळेला म्हणून निघून एकटीच एसटीनं आली होती.

"कोण गं तू?" म्हातारीनं विचारलं.

तिनं दप्तर उघडून आईची हिरवी साडी बाहेर काढली.

"मी हाय की माहेरची," ती म्हणाली. "हौसा."