पासवाल्यांच्या डब्यातले पप्पा

सकाळची मुंबईची गाडी ही आपली सवत आहे, असं आई म्हणायची. थट्टेत म्हणायची, पण खोटं काही नव्हतं त्यात. पप्पा सकाळी सातला नाशिकरोडहून निघायचे, दादरच्या ऑफिसात दिवसभर खर्डेघाशी करायचे आणि रात्री दहाला घरी यायचे. बावीस वर्षं! मुंबईत खोली घ्यायची ऐपत नव्हती आणि इथलं घर सोडवत नव्हतं. आमच्या वाट्याला रविवार यायचा, आणि रविवारी पप्पा झोपलेले असायचे.

लहानपणी दोन-तीनदा त्यांच्याबरोबर त्या गाडीने गेले होते. तेव्हा डबे विटकरी रंगाचे होते आणि बाकं लाकडी. इगतपुरीला इंजिन बदलायचं. तेवढ्यात पप्पा खाली उतरून वडे आणायचे आणि मी जीव मुठीत धरून खिडकीला चिकटायचे, गाडी सुटली तर काय घ्या!

नव्वदीच्या मध्याला मी बारावीला गणितात नापास झाले. पप्पा एवढंच म्हणाले, "कुणासाठी मरमर करतो मी?" त्यानंतर माझ्याशी बोलणं बंद. काही सांगायचं असलं की आईला, "तिला सांग." ऑक्टोबरला परत बसले आणि सुटले. रात्री आईने मार्कशीट त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी वाचली, घडी घातली, परत दिली आणि हात धुवायला उठले, असं आईने मला सकाळी सांगितलं. पुढे बोलणं सुरू झालं, पण "जेवलीस का" आणि "दार लाव" यापलीकडे गेलं नाही. माझं लग्न झालं, नोकरी लागली, तरी मी वाट बघत होते. एकदा तरी "बरं केलंस" म्हणतील. रिटायर झाले आणि वर्षभरात गेले. म्हणाले नाहीत. अजून राग येतो मला.

ते गेल्यावर आईच्या पेन्शनच्या कागदांसाठी मला त्यांच्या ऑफिसात जायचं होतं. सरळ बसने गेले असते, पण म्हटलं, बघू तरी या सवतीला. तिकीट साधं होतं, तरी मुद्दाम पासवाल्यांच्या डब्यात चढले. डबे आता निळे झाले होते, बाकांवर रेक्झिन आलं होतं. अर्ध्या लोकांच्या कानाला मोबाइल. खिडकीची जागा रिकामी दिसली, बसले. लगेच समोरचे टक्कल पडलेले गृहस्थ खेकसले, "ओ मॅडम, तिथं देवळालीला चढणारे एक जण बसतात."

"नाव लिहिलंय का त्यांचं?" मी म्हटलं. मग स्वतःचीच लाज वाटली आणि पप्पा कोण ते सांगितलं.

ते गृहस्थ एकदम उभेच राहिले. "अगं, तू त्यांची मुलगी? बस, बस. देवळालीवाला बसेल दुसरीकडे." पप्पा गेल्याचं कळलं तेव्हा अख्खा डबा दोन मिनिटं उभा राहिला होता म्हणे. मग ते बोलतच सुटले. पप्पा नकला काय करायचे, भजनात टाळ काय वाजवायचे. मी ऐकत होते. हा कुठल्या माणसाबद्दल बोलतोय, तेच कळेना. आमच्या घरात टाळ सोडा, साधी टाळी वाजलेली मला आठवत नाही.

इगतपुरीला गाडी दोन मिनिटं थांबली आणि निघाली. इंजिन बदलायचं कधीच बंद झालं, ते म्हणाले. बोगदे सुरू झाले. दिवे लागले, तेव्हा ते माझ्याकडे बघून हसले.

"बारावीला सुटलीस ती तूच ना? आमच्यात पद्धत आहे. चांगली बातमी असली की इगतपुरीच्या आत मधल्या वाटेत उभं राहून मोठ्याने सांगायची आणि पेढे वाटायचे. तुझे पप्पा उभे राहिले, 'पोरगी सुटली, स्वतःच्या हिमतीवर सुटली' म्हणाले आणि ढसाढसा रडले. पेढे मीच वाटले मग."

माझं डोकंच फिरलं. शंभर परक्या माणसांना पेढे, आणि मला घडी घातलेली मार्कशीट! "मला का नाही सांगितलं मग?" मी जवळजवळ ओरडलेच. आजूबाजूचे बघायला लागले.

"आम्हीही हेच म्हणालो त्यांना," ते हळूच म्हणाले. "चार पेढे बाजूला काढून दिले त्यांच्या जेवणाच्या डब्यात, की आज पोरीचं तोंड गोड करा. दुसऱ्या दिवशी विचारलं, तर म्हणाले, मी पोचलो तर ती झोपलेली. उठवायला जीव झाला नाही. रोजच झोपलेली असते म्हणाले."

मी झोपलेली नसायचे. त्या सबंध वर्षात एकही दिवस नाही. फाटक वाजलं की पांघरूण डोक्यावरून ओढून घ्यायचे, त्यांचं तोंड बघायला लागू नये म्हणून. त्यांची पावलं माझ्या गादीपाशी येऊन थांबायची. मी श्वास रोखून धरायचे, कधी एकदा जातात म्हणून.

"हो," मी त्यांना म्हटलं. "लवकर झोपायचे मी."