आप्पा, सायकल आणि उलटे आटे

माझ्या सासऱ्यांना सायकलवरून उतरता येईना, याला कारण मी होतो. पुढे ते उतरले, यालाही कारण मीच. पहिल्या गोष्टीबद्दल माझं मन मला अजून खातं आणि दुसरीबद्दल सगळं सासर माझं कौतुक करतं.

मी विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासतो. (हे लक्षात ठेवा.) बदलीमुळे आम्ही जयपूरला, बनी पार्कात राहतो. इथेच वाढलेल्या आमच्या मृण्मयीला फिक्स्ड गिअर सायकलचा नाद आहे. या सायकलला फ्रीव्हील नसतं. मागची दातेरी चकती चाकाला जखडलेली, त्यामुळे चाक फिरतंय तोवर पायडलही फिरणारच. थांबायचं तर पायडल मागे रेटायचं.

त्या सकाळी तिनं चाकावर नवी चकती बसवली, ती सुटू नये म्हणून तिच्यावर एक रिंग हातानंच लावली आणि आंघोळीला जाताना म्हणाली, "बाबा, हात नका लावू. रिंग मी येऊन टाइट करते. ब्रेक पण लावायचाय अजून."

पोरीला तेवढीच मदत म्हणून मी पाना घेतला आणि रिंग उजवीकडे पिळली. लोण्यासारखी फिरली. आपल्या मनगटात एवढी ताकद आहे हे मला माहीत नव्हतं. मग चाक सायकलला लावलं, साखळी चढवली आणि सायकल ऐटीत फाटकाशी उभी केली.

सासरे सांगलीहून आले होते. आप्पा म्हणजे जन्मभर सायकलनं शाळा गाठलेले मास्तर, आता पंचाहत्तरी ओलांडलेले.

"हल्लीच्या पोरांना उतरताच येत नाही," मृण्मयीच्या सायकलवर टांग टाकत ते म्हणाले. "बघा जावईबापू. पाय थांबवायचे, टांग मागून काढायची, एका पायडलवर उभं राहायचं आणि राजासारखं खाली."

"आप्पा, तिला ब्रेक..." म्हणेपर्यंत ते बागेच्या वळणाला पोचलेसुद्धा. आमच्या बागेभोवती गोल रस्ता आहे. तो कुठेच संपत नाही.

पहिली फेरी मारून आप्पा फाटकाशी आले आणि त्यांनी पाय थांबवले. पायडलनं त्यांना सीटवरून उचललं आणि परत आदळलं.

"जावईबापू, हिला थांबायला सांगा," म्हणत ते पुढे गेले.

"हो आप्पा," मी म्हणालो. (कुणाला सांगणार होतो, देव जाणे.)

बायको खिडकीतून म्हणाली, "अहो, आप्पांना धडधाकट परत पाठवायचंय मला. दादाला काय सांगू?"

समोरचे भंडारीजी टाळ्या वाजवत बाहेर आले. "वाह बाबूजी, इस उमर में ये स्टॅमिना!" मग त्यांनी सोफ्यावर लोळणाऱ्या आपल्या जावयाला बाहेर बोलावलं. "देखिए कुंवर साहब, कुछ सीखिए."

दुसऱ्या फेरीला मी शेजारून धावलो. "आप्पा, मी धरतो!"

"धरू नका, पडेन. तुम्हाला किती धाप लागलीय! रक्तदाब तपासता ना?"

मी बाकावर बसलो, आप्पा गेले.

तोवर मृण्मयी डोक्याला टॉवेल गुंडाळून धावत आली. "आजोबा! पायडल मागे ढकला!"

"मागे कशाला? मला थांबायचंय!"

पण तिसऱ्या फेरीला त्यांनी ढकललं. चाकातून कट्ट असा आवाज आला. चौथीला जास्त जोरात ढकललं. कट्ट, खळ्ळ, आणि पायडल एकदम थांबलं. सायकल मात्र हवेत तरंगल्यासारखी पुढे येत होती. आप्पांनी टांग मागून काढली, एका पायडलवर उभे राहिले आणि चार पावलं धावत फाटकाशी खाली उतरले. अगदी राजासारखे.

मृण्मयी चाकाशी वाकली. रिंग आसावर बांगडीसारखी लोंबत होती.

"बाबा, हिला हात लावलात?"

"आवळली फक्त."

"कुठल्या बाजूला?"

"उजव्या."

"हिचे आटे उलटे असतात. तुम्ही सैल केलीत. आजोबांनी मागे रेटल्यावर चकतीच सुटली."

आप्पांनी शेवटचं तेवढंच ऐकलं. "म्हणजे जोर लावला की आपोआप सुटायची सोय करून ठेवली होतीत? वा! विमावाला माणूस, आधीच विचार केलेला." मग माझ्या बायकोकडे वळून म्हणाले, "मी म्हणत नव्हतो, जावई दिसतो तसा नाही?"

लग्नानंतर प्रथमच बायकोनं माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. मी खरं सांगायला तोंड उघडलं, पण मृण्मयीच म्हणाली, "मतलब, तसंच काहीसं, आजोबा." मी तोंड मिटलं.

दिवाळीला सांगलीत त्यांच्या सायकलचे सगळे नट मीच आवळायचे, असं आप्पांनी ठरवलंय. मृण्मयीनं मामाला आत्ताच फोन करून सांगितलंय, की बाबा येऊन गेले की आजोबांनी महिनाभर पायीच फिरावं.