कणगीतलं खाणारी गाडी

“बंद करू नको बे! इंजिन बंद करू नको!”

वडवणीच्या स्टँडसमोर मिस्त्री असे ओरडायचे की उडते कावळे पंख मिटायला घाबरत. खोटं वाटत असेल तर कावळ्यांना विचारा.

मिस्त्री मूळचे घाटनांदूरचे. गाड्यांचं वायरिंग करायचे. बॅटरीचा लाल दिवा पेटलेली गाडी आली की म्हणायचे, “डायनामो मेला. आता ही कणगीतलं खातीय.” म्हणजे बॅटरीत नवी भर पडणं, कमाई बंद; साठवणीची ज्वारी तेवढी उरलेली. मग इंजिन सोडून पंखा, टेप, दिवे सगळं बंद करायला लावत; इंजिन एकदा थांबलं की पुन्हा सुरू व्हायचं नाही. हॉर्नसुद्धा वाजवू देत नसत. ओला अंगठा बॅटरीवर टेकवून गाडी कुठं बंद पडणार ते सांगत. एकदा म्हणाले, “तेलगावच्या लिंबाखाली.” गाडी लिंबाच्या अलीकडंच बंद पडली, मग लाजून दोन हात पुढं घरंगळली. मी डोळ्यांनी पाहिलंय.

मागच्या हिवाळ्यात दिवेलागणीला त्यांच्या छातीत कळ आली. माझ्या पेट्रोलच्या व्हॅनमध्ये शेजारी बसवून अंबाजोगाईच्या दवाखान्याकडं निघालो. त्यांची लेक तिथं दारात वाट बघत उभी होती. “तिला एकदा बघू दे,” एवढंच त्यांचं चाललेलं. तेलगाव सोडलं आणि लाल दिवा पेटला.

“मिस्त्री, कुठवर?”

त्यांनी अंगठा ओला केला आणि स्वतःच्याच मनगटावर टेकवला. “सिरसाळ्यापर्यंत.”

“अहो, मी गाडीचं विचारतोय!”

“गाडीचं मी बघतो. तू थांबू नको. आन् मला बोलायला लावू नको, लई खर्च होतो.”

चष्मा काढला, डोळे मिटले, अंगठा डॅशबोर्डावर दाबला.

सिरसाळ्याच्या वेशीत त्यांनी लांब श्वास सोडला. लाल दिवा विझला. अंधारात दिसेना, म्हणून इतका वेळ बंद ठेवलेले हेडलाइट भीतभीत लावले. मरत्या बॅटरीचा उजेड पिवळा पडतो, तुम्हालाही ठाऊक आहे. हा पांढराशुभ्र! परळीपर्यंतचे ससे दिपले असतील.

“मिस्त्री, चुकलात! सिरसाळा गेलं!” मी हसत ओरडलो.

त्यांनी बोलून खर्च केला नाही.

दवाखान्याच्या दारात डॉक्टरांनी त्यांचा डॅशबोर्डावरचा हात उचलून नाडी पाहिली. माझे हेडलाइट एकदम पिवळे पडले, इंजिन गचके खाऊ लागलं.

“तासाभरापूर्वीच गेलेत,” डॉक्टर म्हणाले.

लेक बापाकडं बघत राहिली. मग हेडलाइटकडं. सवयीनं माझा हात चावीकडं गेला.

“बंद करू नका, काका,” ती म्हणाली. “अंगठा होता तिथं ठेवा. घाटनांदूरला न्यायचंय.”