साडूंच्या मशीनचे तास

स्वतःच्या वयापेक्षा एका यंत्राचं वय अधिक काटेकोरपणे सांभाळणारा माणूस साऱ्या जगात एकच जन्माला आला असेल, आणि तो नेमका माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा निघाला. साडू या नात्यात मुळातच थोडी आग असते. भावाशी भांडता येतं, मेहुण्याला चिडवता येतं. साडूशी मात्र फक्त तुलना होते, तीही दुसरेच लोक करतात, आणि बहुधा जेवताना. आमची तुलना लग्नाच्या पंगतीपासून सुरू झाली आणि तेव्हापासून मी सतत हरतच आलो. ते उंच, मी बेताचा. त्यांच्या कपाळावर विभूतीची तीन बोटं ठसठशीत उठायची. माझ्या कपाळावर आठ्या. त्यांचं अंबाजोगाईत पाण्याच्या मोटारी, पंप आणि पाइपांचं भरलेलं दुकान. मी तिथल्याच कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवणारा. त्यांचं दुकान दवाखान्याच्या विजेच्या लाईनवर असल्यामुळे त्यांचा पंखा उन्हाळाभर फिरायचा, आणि आमची गल्ली दुसऱ्या लाईनवर असल्यामुळे आम्ही वहीच्या पुठ्ठ्याने वारा घ्यायचो. एवढं सगळं मी सोसलं असतं. पण एका पाडव्याला त्यांनी दुकानात कॉम्प्युटर आणला, आणि माझी झोप उडाली.

कारण कॉम्प्युटर हा माझा प्रांत होता. म्हणजे तशी मी सर्वत्र हवा केली होती. त्या वर्षांत देश खुला झाला, बाजार खुला झाला असं जो तो म्हणत होता, तेव्हा आपणही काही तरी उघडावं म्हणून मी उन्हाळ्याच्या सुट्टीत लातूरला जाऊन पंधरवड्याचा संगणक-परिचय वर्ग करून आलो होतो. चाळीस जणांत एक कॉम्प्युटर, तोही काचेच्या थंडगार खोलीत. चपला बाहेर काढून, पाळीपाळीने, काचेला नाक लावून आम्ही त्याचा परिचय करून घेतला. त्याला हात लावण्याची पाळी माझ्यापर्यंत आली नाही, पण प्रमाणपत्र आलं. त्या जोरावर मी ‘संगणक प्रशिक्षण केंद्र’ अशी पत्र्याची पाटी रंगवून घेतली आणि कपाटामागे भिंतीकडे तोंड करून ठेवून दिली. केंद्राला फक्त संगणक तेवढा कमी होता.

साडूंना तो विकणाऱ्याने जाताजाता सांगितलं होतं, ‘शेठ, काळजी करू नका, दहा हजार तास बघायचं काम नाही.’ विकणारे असं बोलतातच. पण साडूंची सारी हयात मोटारींत गेलेली. मोटार किती तास चालली, कधी तेल घालायचं, कधी वाइंडिंग काढायचं, हे त्यांचं गणित. त्यांनी ते वाक्य दगडावर कोरल्यासारखं मनात धरलं. अडचण एवढीच होती की त्या मशीनला स्वतःचं काहीच आठवत नसे. आतली छोटी बॅटरी पहिल्याच वर्षी मेली होती. वीज जाऊन आली की ते उठायचं आणि आज एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी आहे असं ठामपणे सांगायचं. मध्येच अडकलं आणि बंद करून पुन्हा लावलं, तरी तेच. साडू त्याच्याकडे आईच्या मायेने बघत आणि गिऱ्हाइकाला सांगत, ‘त्याला कालचं बी आठवत न्हाई हो. दर बारीला नव्यानं जन्मतंय. त्याचं वय आता आपणच धरायला पायजे.’

ते धरण्यासाठी त्यांनी काय करावं? बंद पडलेल्या एका टॉकीजचा जनरेटर भंगारात निघाला होता. त्याच्यावरचं तास मोजणारं मीटर त्यांनी विकत आणलं आणि मशीनच्या पिनेशीच जोडून टाकलं. भिंतीवरचं बटण दाबलं की मशीनला वीज आणि मीटरलाही वीज. लाईट गेली की दोघंही जागच्या जागी थांबणार. आली की मशीन ऐंशी सालापासून सुरुवात करणार, आणि मीटर मात्र सोडल्या जागेपासून पुढे सरकणार. मीटरला त्यांनी लाकडी चौकट केली, वर हार घातला. बिल करायला आलेला माणूस आधी मीटर बघायचा आणि मग मोटार. मला हे दिसत होतं आणि आतून जळत होतं. एवढी साधी गोष्ट, आणि प्रमाणपत्र माझ्याकडे!

पुढे पुढे त्यांना सगळ्याचेच तास दिसू लागले. लग्नात कुणी ‘कसं काय?’ म्हटलं की ते बायकामुलांची खुशाली न सांगता म्हणत, ‘सहा हजाराला टेकलं.’ आमच्या स्वयंपाकघरात येऊन बायकोला विचारत, ‘ताई, ह्या मिक्सरचे किती झाले असतील?’ आणि ती, जिने माझ्या एकाही प्रश्नाला सरळ उत्तर दिलेलं नाही, ती हातातलं काम टाकून हिशेब करायला बसे. माणसाचं वयसुद्धा चालू तासांवर धरावं असा त्यांनी नियम काढला होता. ‘झोपेतले तास धरायचे न्हाईत. मशीन बंद आसतंय तवा.’ या हिशेबाने ते स्वतः तिशीचे ठरले, सासरे पन्नाशीच्या आत आले आणि भलतेच खूष झाले. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. दुपारची झोप हा माझा एकमेव नेम. थोडा विचार करून ते सासऱ्यांना म्हणाले, ‘ह्यांचं लगीन आपण लई लवकर केलं, मामा. अजून सज्ञान न्हाईत.’ बायको पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिला ठसका लागला. माझ्या विनोदांवर तिला कधी साधी उचकीही आलेली नाही.

तर या माणसाने धोंड्याच्या महिन्यात तेलगावला, आमच्या सासुरवाडीत, एक वचन दिलं, आणि मी कायमचा अडकलो. धोंड्याच्या महिन्यात सासुरवाडीला जावयांना मानाने जेवू घालतात. आम्ही दोघं शेजारी पाटांवर. सासरे धोंड्यांवर तूप वाढत होते. साडूंच्या ताटात त्याचं तळं झालं होतं आणि माझ्याकडे येईतो तांब्या वाकडा करावा लागत होता. तेवढ्यात सासऱ्यांनी विचारलं, ‘तुमच्या त्या मशीनचं दहा हजार भरल्यावर काय करणार?’

‘साडभाऊला देणार,’ साडू घास गिळून म्हणाले. ‘मोटार म्हातारी झाली की जाणत्याच्या हातात पायजे. हे लातूरला शिकून आलेत. मी नवं घेईन.’

त्या क्षणी मला त्यांच्या ताटातल्या तुपाचं काही वाटेनासं झालं. दहा हजार तास भरले की मशीन माझं, पाटी दारावर, आणि पुढच्या धोंड्याला तांब्या आधी माझ्याकडे. त्या दिवसापासून मी त्या मीटरकडे असा बघू लागलो, जसा श्रीमंत काकाच्या उशाशी बसून पुतण्या त्याचा श्वास बघतो. रोज कॉलेज सुटलं की दुकानात. साडू जेवायला जाताना मशीन बंद करत; मी सुचवायचो, ‘राहू द्या हो चालू. सारखं बंद-चालू करणं शास्त्रीय दृष्ट्या बरं नव्हे.’ सोमवारी उपवास म्हणून ते मशीनलाही अर्धा दिवस विसावा देत, तेव्हा मी पायरीवर बसून त्यांचा उपवास सुटायची वाट बघे. लाईट गेली की आख्खा बाजार वीज मंडळाला शिव्या देई, पण माझ्याइतक्या मनापासून कुणीच नाही.

आणि मग संधी चालून आली. साडू सहकुटुंब नारायणगडाला दर्शनाला आणि तिथून पुढे एका लग्नाला निघाले. आठवडाभर दुकान म्हाताऱ्या मुनीमजींवर. पण मुनीमजी मशीनला शिवत नसत. साडू मला म्हणाले, ‘रोज थोडा येळ चालू ठेवा. पंप बंद राह्यला की जाम हुतो. हे बी झालं तर?’

थोडा वेळ! कॉलेजात आठवड्याची रजा टाकून मी सकाळी सातला जाऊन भिंतीवरचं बटण दाबायचो, मग टीव्हीसारखा जो डबा असतो त्याचं बटण दाबायचो. बारीक हिरवा दिवा लागे, आणि मीटर झपाझप कामाला लागे. पडदा मात्र काळाच राही. मुनीमजी चष्म्यावरून बघत म्हणाले, ‘सर, शेठ असले की ह्याच्यावर कायबाय अक्षरं दिसतात.’

‘ते साध्या वापरात,’ मी म्हणालो. ‘आत खोल काम चालू असलं की पडदा काळा पडतो.’

तेवढ्यात एक शेतकरी मोटारीचं बिल घ्यायला आला. मी खुर्ची ओढून काळ्या पडद्यासमोर बसलो.

‘किती टाइम लागंल, सायेब?’

‘विचार करतंय. मोठा हिशेब आहे.’

‘एकाच मोटारीचा हाय की हो!’ तो म्हणाला, पण बसून राहिला. त्याच्या मागे आणखी दोघं बसले. एकाने पडद्याला नमस्कार केला. मुनीमजींनी मुकाट्याने हाताने बिलं लिहून दिली. असा मी आठवडाभर त्या काळोखाकडे बघत बसलो, रात्री कुलूप लावेपर्यंत, आणि इतका सुखात पूर्वी कधीच नव्हतो.

साडू परत आले ते थेट दुकानात. लग्नातला आहेर बघायला माझी बायकोही स्टँडवरूनच बहिणीबरोबर आलेली. त्यांनी मीटर बघितलं, त्यांचे डोळे विस्फारले. मग मशीनच्या मुख्य डब्यावर, जो टेबलाखाली असतो आणि ज्याच्याविषयी लातूरला मला कुणी काही बोललं नव्हतं, त्यावर त्यांनी तळहात ठेवला. तो गार पडला होता.

‘आरं, हे बंदच हाय बे!’ ते ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला ‘बे’ म्हटलं, आणि लगेच जीभ चावली. ‘म्हंजी... साडभाऊ, खालचं बटण कावून दाबलं न्हाई?’

खालीही बटण असतं हे मला तिथे, सगळ्यांसमोर कळलं. ‘यांना पाटी लावायची घाई झालीय, दाजी,’ बायकोने कपाटामागचं गुपित एका दमात फोडलं. मुनीमजींना अचानक खोकला आला. साडू हसले नाहीत. ते मीटरसमोर उभे राहून बोटांवर तास मोजत होते. मीटर मागे फिरवता येत नाही. शेवटी त्यांनी त्याची वायर सोडवली आणि मशीन सुरू केलं. ‘जितकं मीटर एकटं पळालं, तितकं आता मशीन एकटं पळंल,’ ते म्हणाले. पुढचे कित्येक दिवस ते मशीन माझ्या डोळ्यांदेखत चालत होतं आणि आकडा ढिम्म हलत नव्हता.

मशीन आता आपल्याला मिळत नाही, हे मी धरूनच चाललो. जाणता म्हणून ते मला मिळणार होतं, आणि माझं जाणतेपण सगळ्या बाजाराने पाहिलं होतं. पण दहा हजार भरल्याच्या दुसऱ्या दिवशी साडू स्वतः हातगाड्यासोबत आमच्या दारात उभे. मशीन गोधडीत गुंडाळलेलं, मीटर त्यांच्या काखेत. मी चाचरत म्हणालो, ‘आता कशाला... मी काही तेवढा...’

‘शबूद दिलाय,’ ते म्हणाले. ‘आन् तुमच्याकडंच लई टिकंल. एक तर तुमची लाईट जाती. दुसरं, तुमाला चालू करता येत न्हाई.’

तोवर स्टँडजवळ रंगीत पडद्यांचा, एसीचा क्लास निघाला होता. माझ्या केंद्रात यायला कुणी तयार नव्हतं. पाटी बायकोने पाण्याच्या हौदावर झाकण म्हणून टाकली. मशीन मात्र साडूंनीच मांडून दिलं, आणि रोज संध्याकाळी ते बघायला येऊ लागले. मला वाटलं होतं, मशीन घरी आलं की जळणं संपेल. ते आता घरपोच मिळू लागलं. ‘दाजी आले’ म्हटलं की चहात आलं पडे. माझ्या चहाला आलं नेहमीच संपलेलं असे. ते खालचं बटण दाबत, आकडा बघत, ‘चाललंय अजून,’ म्हणत आणि इतके समाधानाने पाय हलवत बसत की मला माझ्याच घरात पाहुण्यासारखं वाटे. माझ्या नावावर झालेलं ते यंत्र त्यांचंच राहिलं होतं.

एके दिवशी ते आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत, त्या आठवड्यात नाहीतच. बायको म्हणाली, ‘दाजी कावून येत न्हाईत? तुम्ही काही बोललात?’ मी बोललो नव्हतो. तिने बहिणीला विचारलं तेव्हा कळलं, ‘दिलेल्या वस्तूवर असा डोळा ठेवणं बरं न्हाई,’ असं स्वतःशीच ठरवून ते थांबले होते. दुकानातल्या नव्या मशीनवर त्यांचा मुलगा बसायचा. ते यंत्र स्वतःची तारीख स्वतः ठेवत होतं. त्याला कुणी काही आठवण करून द्यायची गरज नव्हती. साडू मागे पाइपांच्या ढिगाजवळ खुर्ची टाकून बसत.

खरं तर मला बरं वाटायला हवं होतं. दाजींसाठी आणलेलं आलं आता माझ्या चहात येऊ लागलं होतं. पण संध्याकाळ झाली की मी त्या मशीनसमोर जाऊन बसायचो आणि मला काही सुचायचं नाही. ज्याचा हेवा करायचा तो माणूसच समोर नाही, तर ते घेऊन करायचं काय? नवव्या की दहाव्या संध्याकाळी मी सायकल काढली आणि दुकानात गेलो.

‘मशीन आवाज करतंय,’ मी म्हणालो. मशीन ठणठणीत होतं.

साडू खुर्चीतून अर्धे उठले. ‘कसला आवाज?’

याची तयारी मी केली नव्हती. दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं. मी इकडेतिकडे बघितलं आणि तोंडाने हळूच म्हणालो, ‘घर्रर्र.’

त्यांनी डोळे मिटून घेतले, कान माझ्याकडे केला. ‘अजून एकदा काढा.’

‘घर्रर्रर्र,’ मी मोठ्याने म्हणालो. मुलगा वळून बघायला लागला. साडू गंभीरपणे मान हलवत होते. मग चाचपडत त्यांनी एक चप्पल घातली, दुसरी पाइपांखालून ओढून काढली, आणि मी सायकल वळवायच्या आत ते माझ्या पुढे रस्त्याला लागले होते.