गाडीचं तोंड दर्याकडे

या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी आजवर चहाबरोबर वाचले आणि हसून सोडून दिले. माणिकपूरच्या ऑफिसात हिशेब तपासणारी बाई मी, असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही... जे झालं तेवढं सांगते.

माहेर विरारचं, सासर अर्नाळ्याचं, मच्छीमार ख्रिस्ती घर. गाडी घेतली तेव्हापासून माझं आणि नवऱ्याचं, रॉनीचं, एकच भांडण — गाडी गॅरेजात की अंगणात? खाऱ्या वाऱ्यानं पत्रा सडतो, म्हणून मी हट्टानं गॅरेज बांधून घेतलं. पठ्ठ्यानं त्यात जाळी भरली! गाडी अंगणातच, तीही तोंड दर्याकडे करून. त्यांच्या घरात किनाऱ्यावर ओढलेली होडी तशीच ठेवतात. "कोंडलेली होडी कामाची नाय," म्हणायचा.

मग एका फेरीत जाळं ओढताना तो पाण्यात पडला. बोट परत आली. रॉनी सापडला नाही.

सगळे म्हणाले, आता त्याच्या आत्म्याच्या शांतीसाठी चर्चमध्ये मिस्सा ठेव. मी हो म्हटलं. रडू येत नव्हतं, म्हणून कामं उरकत होते. जाळी दिराला दिली, गाडी गॅरेजात घातली, तोंड मागच्या भिंतीकडे. शटरला कुलूप, सगळ्या किल्ल्या माझ्या पर्समध्ये.

मिस्सा सांगायला चर्चला निघाले त्या सकाळी शटर उघडलं... आणि समोर हेडलाइट. गाडीचं तोंड दर्याकडे! गॅरेज इतकं अरुंद, की गाडीचं दारही धड उघडत नाही. आत वळवणार कशी?

भीती वाटली नाही. खरं सांगायचं तर काहीच वाटलं नाही. आत बसले, तर पाय क्लचला पुरेना. सीट पार मागे सरकलेली — रॉनी ठेवायचा तशी.

"मम्मी, गाडी कोणी वळवली?"

सासूबाई दारातच उभ्या होत्या. "त्याला आत ठेवलेली आवडत नाय, तुला ठाव हाय ना? भायेर लाव. खार धुवायला मी पानी मारते."

दीर म्हणाला, "वहिनी, तुम्हीच तशी लावली असेल. दुःखात विसरतं माणूस." असेलही. पण पाय क्लचला पुरत नसताना लावली कशी?

गाडी आता अंगणात असते. दारांच्या कडांना गंज धरलाय. मी बघते आणि घरात जाते. मिस्सा अजून ठेवलेली नाही. ऑफिसला जाताना सीटच्या कडेवर बसून चालवते.

सीट पुढे घेतलेली नाही.