काळ्या खोलीत अडकले तेव्हा
ओल्या काळ्या रंगाचा वास आला की माजिवड्याच्या प्रयोगशाळेतली ती बिनखिडकीची खोली आठवते. तिथे मी आणि माझे सर अंगाच्या उष्णतेवरून चित्र काढणारा कॅमेरा बनवत होतो. त्यातल्या केसाहून बारीक धातूच्या पट्ट्या उष्णतेने वाकत आणि त्यांच्यावरून परतणाऱ्या प्रकाशातून बाहेरच्या पडद्यावर माणूस उमटे. त्या दिवशी कॅमेऱ्यासमोर मी उभी होते, सर बाहेर पडद्यापाशी. काम झालं, पण दार आतून उघडेना. भिंतींना जाड फोम असल्याने हाक बाहेर जाईना. मी दार बडवायला लागले. घामाने भिजले, श्वास पुरेना, तरी कोणी येईना. मग लक्षात आलं, माझ्या धक्क्यांनी पट्ट्या हलतायत, बाहेर सरांना मी दिसतच नसणार. पडद्यावर खूण दिसावी म्हणून दोन्ही हात डोक्यावर जोडून मी निश्चल उभी राहिले. ओरडण्यापेक्षा ते कितीतरी कठीण होतं. शेवटी दार उघडलं. "अगं, चित्र थरथरत होतं म्हणून मी मशीनच तपासत बसलेलो, मग तुझे जोडलेले हात दिसले," सर ओशाळून म्हणाले. मी जिन्यात जाऊन बसले. आता माझे विद्यार्थी तसल्या कॅमेऱ्यासमोर उभे राहतात तेव्हा दार मी उघडंच ठेवते, बाहेरच्या उष्णतेने चित्र बिघडलं तरी.