कल्हईतलं शिसं

मी कल्याण सोडलं त्या सकाळी आबांनी भट्टी विझवली नाही. आबा म्हणजे माझे वडील. आमचं तांबटाचं दुकान बाजारात होतं, पुढे दुकान, मागे घर. आईने हातावर दही ठेवलं, थोरल्या भावाने, दादाने, माझी ट्रंक खांद्यावर घेतली, तरी आबा भात्यापासून हलले नाहीत. "आगगाडी तुझ्यासाठी थांबायची नाही आणि तापलेलं भांडं माझ्यासाठी थांबायचं नाही. नीघ," म्हणाले. मी उंबऱ्याबाहेर पडलो तेव्हा मागून हाक आली. नवी कल्हई केलेला एक पितळी डबा त्यांनी माझ्या हातात दिला. "खाणावळीत जेवावं लागेल तर जेव. पण ताक, कढी, आंबट काही असेल ते ह्यात घे. परक्याची कल्हई तोंडाला लावू नकोस."

वहिनी तेव्हा घरात नवीनच आलेली. माहेर ठाण्याचं, टेंभी नाक्याजवळच्या तांबटांपैकीच. माजघराच्या दाराआडून म्हणाली, "भाऊजी, साहेब होऊन आलात म्हणजे आम्हाला ओळख दाखवाल ना?"

"आधी चिठ्ठी पाठवा, मग बघू," मी म्हणालो.

"बघा, अजून वेस ओलांडली नाही तर ही मिजास!" असं म्हणून ती हसली. तिचं ते हसू मला पुष्कळदा आठवतं. पुढे त्या घरात ते कमी कमी होत गेलं, म्हणून असेल.

हे मी तुम्हा मंडळींसाठी लिहितो आहे, जी कल्याण-ठाण्यालाच राहिली, आणि माझ्यासारखी जी भट्टी सोडून मुंबईच्या चाळींत येऊन राहिली. आपल्या ज्ञातीच्या मासिकात लग्नं, मौंजी, पास झालेल्या मुलांची नावं छापतात. त्यात हे बसणार नाही, हे मला कळतं.

मुंबईत मला एका सरकारी रसायनशाळेत जागा मिळाली. सुरुवातीला काचेच्या नळ्या धुवायच्या, लेबलं डकवायची. हळूहळू साहेब माझ्याकडे तपासणीचं काम देऊ लागले. दूध, तूप, मिठायांवरचा हिरवा रंग, लग्नाच्या पंगतीतलं उरलेलं अन्न, असली सॅम्पलं ठिकठिकाणच्या कचेऱ्यांतून सील होऊन यायची. आमच्या घरी 'बाधलं' म्हणत, 'दृष्ट लागली' म्हणत, 'पाणी मानवलं नाही' म्हणत. इथे प्रत्येक बाधण्याला काहीतरी पदार्थ असायचा आणि तो बाटलीच्या तळाशी बसायचा. मला ते आवडलं. खरं सांगायचं तर फार आवडलं. चाळीतल्या खोलीवर परत येताना मी गर्दीतल्या लोकांकडे जरा वरून पाहत असे.

एकदा आमच्याच जिल्ह्यातल्या एका खेड्यातून कल्हईची पातेली आली. आमसुलाचं सार रात्रभर त्यांत राहिलं होतं आणि ते प्यायलेली माणसं पोटात पिळे पडून लोळत होती. साहेबांनी मला युक्ती शिकवली. कल्हईवर अ‍ॅसिडचा एक थेंब टाकायचा, काडीने फिरवायचा, भांडं हलकं गरम करून तो वाळवायचा, आणि मग त्यावर आयोडाइडच्या पाण्याचे दोन थेंब. कल्हई निव्वळ कथलाची असेल तर पिवळं काही दिसत नाही. शिसं असेल तर डाग उमटतो, हळदीसारखा पिवळाधमक. त्या पातेल्यांवर तो उमटला.

साहेब पुढे म्हणाले, "कल्हईवाले लबाडी करतात. कथील महाग, शिसं स्वस्त." मी मान डोलावली. पण आमच्या घरी लबाडी नव्हती, रिवाज होता.

रोज सकाळी पहिलं कथील पातळ झालं की आबा शिशाचा एक तुकडा कपाळाला लावून त्यात सोडत. आमच्या घरात त्याला 'आज्याचा खडा' म्हणत. चहाच्या पेट्यांना आतून जो शिशाचा पत्रा असतो, तो आणून त्याचे तुकडे करून ठेवलेले असत. आबांच्या आज्याने हे सुरू केलं म्हणे. खडा पडला की कथील कापसाच्या बोळ्याखाली लोण्यासारखं पसरतं, गाठी धरत नाही. पाहावं तिकडे आरसा. कोलशेतची मिठागरवाली मंडळी लग्नसराईत होडी करून आमच्याकडे भांडी आणायची ती ह्या चकाकीसाठीच. "काका, यान माजा तोंड दिसला पायजे हां!" असं बजावून जायची, आणि परत न्यायला आली की खरोखरच पातेल्यात तोंड बघायची.

दुपारच्या सुट्टीत मी माझा डबा रिकामा केला, पुसला आणि त्यावर तो थेंब टाकला. डाग इतका लवकर आला की मला पाहायचं नव्हतं तरी दिसला. टेबलावर दुसरं कोणी नव्हतं. मी डबा राखेने घासला आणि रुमालात बांधून ठेवला.

त्यानंतर मी रसायनशाळेतली पुस्तकं काढून वाचली. शिशाचं काम करणाऱ्यांची मनगटं गळतात, हात पुढे धरला तर पंजा लोंबतो. हिरड्यांवर काळसर निळी रेघ येते. आबांचा उजवा पंजा तेव्हा लोंबू लागला होता. वैद्य वात म्हणाले होते आणि आम्हीही 'धंद्याचा वात' म्हणून गप्प बसलो होतो, कारण आबांच्या आज्यालाही तसाच होता. आणखी एके ठिकाणी लिहिलं होतं की शिशाच्या कारखान्यांत राबणाऱ्या बायकांची मुलं पोटातच जातात. वहिनीची तोवर दोन तशीच गेली होती. आमच्याकडे जुनी कल्हई वाळूने खरवडून काढण्याचं काम घरातल्या बायकांचं. रोज कढी-ताकही त्याच भांड्यांतलं. आणि दादाच्या शेवटच्या पत्रात होतं की तिला पुन्हा दिवस गेले आहेत.

आता माझी कबुली सुरू होते. मी त्या रात्री पत्र लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. साहेब नेहमी म्हणत, एका सॅम्पलवरून अनुमान काढू नये, आणि ते वाक्य मी स्वतःला इतक्यांदा ऐकवलं की त्याची मला ऊब वाटू लागली. शास्त्राने मला सावधपणा शिकवला होता. मी त्या सावधपणाच्या आड लपलो. खरी गोष्ट निराळी होती. ज्या दुकानाच्या जिवावर मी शिकलो, त्याच दुकानाला जाऊन सांगायचं की तुम्ही लोकांना विष घालता? आणि तेही आबांना, ज्यांचा हात त्याच कामात गेला? मला ते जमणार नव्हतं.

दिवाळीला घरी गेलो. वहिनी अंगणात पातेलं खरवडत बसली होती. मी जवळ जाऊन म्हणालो, "वहिनी, आंबट तेवढं दगडी भांड्यात ठेवत जा. आणि हे खरवडणं थोडे दिवस दुसऱ्या कोणाला तरी सांगा."

तिने वर पाहिलं. "तांबटाच्या घरात दगडी? मामंजी मला दगडीसकट माहेरी पोचवतील! मुंबईचं नवं सोवळं वाटतं हे?"

"तसं नाही."

"मग कसं? सांगा की."

मी इकडेतिकडे पाहिलं. आत आई करंज्या तळत होती, पुढे आबांचा भाता चालू होता. "काही नाही. पुस्तकात वाचलं," म्हणालो.

"पुस्तकातलं पुस्तकात ठेवा हो भाऊजी," ती म्हणाली आणि पुन्हा वाळू घेतली.

सातव्या महिन्यात मूल झालं ते मेलेलंच. मुलगा होता. मला मुंबईला कळलं. मी रजा घेतली नाही.

त्यानंतर काही वर्षांनी दादाचं दुसरं लग्न करायचं घाटू लागलं. आईने पत्र लिहवून घेतलं, घराला दिवा हवा, मुलगी पाहून ठेवली आहे, तू ये. बाजारात वहिनीला आता कोणी ओटी भरायला बोलावत नसे. तिच्या आईचे ठाण्याहून नवस बोलून झाले होते. लेकीच्या कुशीतच काहीतरी आहे, असं तीही म्हणू लागली होती. ते पत्र वाचलं आणि दोन बाटल्या खिशात घालून मी कल्याणची गाडी पकडली.

दुकान बंद झाल्यावर मी सगळ्यांना पुढे बसवलं. फळीवरची, गिऱ्हाइकांकडे जायला तयार असलेली भांडी घेतली. शेजारी निव्वळ कथलाची कल्हई मुद्दाम करून आणलेली एक वाटी ठेवली. एकेकावर थेंब टाकले. वाटी तशीच राहिली. आमची भांडी एकामागून एक पिवळी पडली. मी आज्याच्या खड्याचं सांगितलं, शिसं काय करतं ते सांगितलं, आबांच्या हाताचं सांगितलं आणि मान खाली घालून मुलांचंही सांगितलं.

दादा उसळला. "दोन बाटल्या घेऊन आलास आणि बापाला खुनी ठरवतोस? कोलशेतपासून लोक येतात ते काय विष न्यायला?"

"माहीत असतं तर आबांनी केलं असतं का?" मी म्हणालो.

आबांनी त्याला हाताने थांबवलं. म्हणजे हात उचलला, पंजा खालीच लोंबत होता. त्यांनी एक भांडं मांडीवर ओढून डागाकडे बराच वेळ पाहिलं. मग मला विचारलं, "तुला कधीपासून ठाऊक आहे?"

ह्या प्रश्नाची तयारी मी केली नव्हती. खोटं बोलता आलं असतं.

"तिसऱ्याच्या आधीपासून," मी म्हणालो.

माजघराच्या दारात बांगड्या वाजल्या. सासऱ्यांसमोर कधी न येणारी वहिनी पदर सावरून बाहेर आली. ती रडत नव्हती. तिने माझ्याशिवाय कोणाकडे पाहिलं नाही. "हे उद्या ठाण्याला येऊन माझ्या आईसमोर सांगा," म्हणाली. "ह्या बाटल्या घेऊन या. एवढंच करा."

दादा म्हणाला, "घरातली गोष्ट घरातच राहील. ठाण्याला कळलं की चौथ्या दिवशी बाजारात. मग एक वाटी येणार नाही दुकानात."

ती तशीच माझ्याकडे पाहत उभी होती. मी म्हणालो, "दादा म्हणतो त्यातही अर्थ आहे, वहिनी."

ती आत गेली. मी सकाळच्या पहिल्या गाडीने मुंबईला परतलो.

दादाच्या दुसऱ्या लग्नाचा बेत मोडला. आज्याचा खडा बंद झाला. आबांनी उरलेलं शिसं दादाकडून खाडीत टाकवलं. निव्वळ कथील हट्टी असतं, त्याला आच जास्त लागते. पूर्वीची चकाकी राहिली नाही आणि गिऱ्हाइकं 'आता हात गेला म्हाताऱ्याचा' म्हणू लागली. आबांनी कोणाला कारण सांगितलं नाही. पण ज्या घरांत आमची जुनी भांडी होती त्यांनाही कोणी काही सांगितलं नाही. न सांगणाऱ्यांत मीही आलो. दिवसभर परक्या गावांच्या भांड्यांवर मी बिनचूक रिपोर्ट लिहीत होतो.

वहिनीला पुढे मूल झालं नाही. तिची आई टेंभी नाक्याच्या घरी वारली, तोवर लेकीच्या कुशीला दोष देत आणि तिच्यासाठी उपास करत.

आता मी पन्नाशीला टेकलो आहे. मुंबईत बिऱ्हाड आहे, बायकोमुलं आहेत, घरात चिनी मातीच्या बश्या आहेत आणि माझी मुलं कल्हईचा वास ओळखत नाहीत. कोणी गाव विचारलं तर मी कल्याण सांगतो. तिथे आबा नाहीत, आई नाही, गेल्या वर्षी दादाही गेला. दादा गेला म्हणून ह्याला कंठ फुटला, असं कोणी म्हणेल. म्हणू दे, ते खरं आहे. भट्टीच्या जागी आता एक भुसारी भाड्याने बसतो. मागच्या घरात वहिनी एकटी राहते. मी गेलो की ती पाट मांडते, वाढते, हवं-नको विचारते, आणि माझ्या तोंडाकडे पाहत नाही. माझ्यापुरतं घर म्हणजे आता तो पाट आहे. त्यावर बसलं की घास उतरत नाही, पण दुसऱ्या कुठल्या पानावर जेवलो तर जेवल्यासारखं वाटत नाही.

परवा तिला सांगितलं, हे सगळं लिहून छापायला देतो आहे.

"आता?" तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली. "आई जाऊन जमाना झाला."

"तुमचं नाव घालत नाही. नुसतं वहिनी म्हणतो."

तिचा हात थांबला. "का? वांझ म्हणायचे तेव्हा नाव माझंच घेत होते ना? घाला नाव. आणि तुमच्या घरचं नको. आईनं ठेवलेलं घाला."

इतकी वर्षं त्या घरात वावरूनही मला ते ठाऊक नव्हतं. विचारावं लागलं. तिने सांगितलं, आणि माझ्या लक्षात नीट राहावं म्हणून पुन्हा एकदा सांगितलं.

रिपोर्टात मी 'असावे' लिहितो, कारण शिशाने असं होतं एवढंच शास्त्र म्हणतं, एकेका मुलाबद्दल ते शपथ घेत नाही. इथे तो शब्द मी गाळतो. ठाण्याला टेंभी नाक्याजवळ राहणाऱ्या तांबटांची लेक भागीरथी हिच्या कुशीत कसलाही दोष नव्हता. तिची तिन्ही मुलं आमच्या घरच्या कल्हईने गेली. ज्यांच्याकडे आमची जुनी भांडी असतील त्यांनी ती वापरू नयेत. आणि तिसरं मूल वाचवता आलं असतं तेव्हा मला हे ठाऊक होतं.